दोन बेल पडल्याशिवाय

रस्त्यात त्यांना हाक मारली, की ते लगेच उत्तर द्यायचे नाहीत. आधी उजव्या हातातली काठी जमिनीवर नीट रोवायचे. मग डावा पाय ओढून उजव्याशेजारी आणून ठेवायचे. शेजारी बायको उभी असायची, ती थांबली का ते बघायचे. हे सगळं यथासांग झालं, की मान वर करून म्हणायचे, "हां. आता बोला."

तोवर हाक मारणारा नवखा असला तर चार घरं पुढं गेलेला असायचा. त्याचं त्यांना काही वाटायचं नाही. "जाऊ द्या की, लई घाईत असंल बिचारा," असं म्हणून ते पुन्हा निघायचे.

आमच्या उचगावात त्यांना सगळे मास्तर म्हणत. शाळेशी त्यांचा काडीचा संबंध नव्हता. आमच्या भागात एसटीच्या कंडक्टरला मास्तर म्हणतात, आणि यांनी कंडक्टर म्हणून अख्खी नोकरी काढली होती. त्यातली बरीच वर्षं कोल्हापूर-मलकापूर गाडीवर गेली.

मी मूळची बांबवड्याची. त्यामुळे मास्तरांची आणि माझी ओळख मी इथं दवाखाना काढण्याच्या आधीची, त्या गाडीतली. कॉलेजला असताना मी त्यांना रोज बघायचे. तुम्हीही असा एखादा कंडक्टर बघितला असेल. वाघबीळच्या वळणांवर गाडी अशी झुकायची, की उभी माणसं दांड्याला लोंबकळायची. आणि हे गृहस्थ तिकिटांचा ट्रे काखेत घेऊन, पंच टिकटिकवत, कशालाही न धरता पुढून मागं आणि मागून पुढं चाललेले. पायानं कुणाची कोंबडी सीटखाली सरकवायची, हातानं तिकीट द्यायचं आणि तोंडानं एकाच वेळी तिघांशी बोलायचं. "पावणं, ते पोतं काय तुमचं नातलग हाय का? मग त्येला सीटवर कशाला बसवलाय? उठवा की!" गाडी हसायची. आणि हसू संपायच्या आत छतालगतची दोरी ओढून ते दोन बेल मारायचे. एक बेल म्हणजे थांबा, दोन बेल म्हणजे चला. बेल मारताना त्यांचं बोलणं कधी तुटलेलं मी ऐकलं नाही.

पुढं मी फिजिओथेरपी शिकले आणि नव्वदच्या दशकात उचगावात दवाखाना काढला. लोक मला व्यायामाची डॉक्टरीण म्हणायचे, काही जण तर मालिशवाली म्हणायचे आणि माझं डोकं फिरायचं. मी तापट आहे, हे आधीच सांगून ठेवते. जागा मिळाली ती पहिल्या मजल्यावर, अरुंद जिन्याची. त्या जिन्यानं एक दिवस दोन माणसांच्या खांद्यावर हात टाकून मास्तर वर आले. मी त्यांना ओळखलं, त्यांनी मला ओळखलं नाही. खुर्चीत बसून दम खाल्ल्यावर पहिलं वाक्य म्हणाले, "डॉक्टर, हितं यायचं म्हंजे आधी बरं व्हायला पायजे बघा."

मी चिडले. पण महिन्याभरात तळमजल्याची खोली शोधली.

त्यांच्या अंगावरून वारं गेलं होतं, डाव्या बाजूवरून. वाचा शाबूत होती. "दाराची बाजू बंद पडलीया," ते सांगायचे, "डायवरची बाजू चालू हाय." हात लुळा, पाय जड, तोंड मात्र मलकापूर गाडीवर होतं तसंच.

पहिल्याच दिवशी मी नेहमीचा प्रश्न विचारला, "बरं होऊन काय करायचंय मास्तर?" कुणी म्हणतं शेतावर जायचंय, कुणी म्हणतं आपलं आपण संडासला जाता आलं तरी पुष्कळ. मास्तर म्हणाले, "मंडळीला विहारात न्यायचंय."

त्यांच्या बायकोला आम्ही सगळे मावशी म्हणायचो. साखरेच्या आजारानं त्यांचे डोळे गेले होते. उजेड-अंधार कळायचा, बाकी काही नाही. पण गल्लीच्या टोकाला बुद्धविहार होता आणि तिथली संध्याकाळची वंदना मावशींच्या आवाजात सुरू व्हायची, ती डोळे जाण्याच्या आधीपासून. त्यांना सगळं तोंडपाठ होतं. मास्तर रिटायर झाल्यापासून रोज त्यांचा हात धरून त्यांना न्यायचे आणि वाटेतलं सगळं सांगत न्यायचे. "म्हस बसलीया, उजवीकडनं घ्यायचं. हां, गटार आलं, टांग टाक. समोरनं तुझी मैत्रीण येतीया बघ, नवी साडी नेसलीया. तोंड जुनंच हाय." मावशी हसत चालायच्या. त्यांना दिसत नाही हे नवख्या माणसाला सांगूनही खरं वाटायचं नाही.

वारं गेल्यापासून हे बंद पडलं होतं. मावशींना शेजारपाजारच्या बायका न्यायच्या, पण त्या दंडाला धरून न्यायच्या. "पोतं नेल्यागत नेत्यात मला," असं मावशींनीच मला सांगितलं.

पाच महिने मास्तरांनी जीव तोडून व्यायाम केला. कुणी कबुतराचं रक्त लावायला सांगितलं, ते त्यांनी हाकलून दिलं. "त्या कबुतरानं माझं काय केलंय?" म्हणाले. हळूहळू पाय उचलायला लागला. काठी घेऊन माझ्या खोलीत या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत जायचं, वळायचं, परत यायचं, हे ते झकास करू लागले. माझ्या दवाखान्यात कडक नियम होता, की पेशंट चालत असताना कुणीही बोलायचं नाही. शिस्तीची बाई ना मी! टाचणी पडली तरी ऐकू येईल अशा त्या खोलीत मी त्यांची चाल तपासली, वहीत 'उत्तम' लिहिलं आणि सांगितलं, "मास्तर, तुम्ही मोकळे. न्या मावशींना विहारात."

चौथ्या दिवशी दोघंही पडले.

पिठाच्या गिरणीसमोर, सपाट रस्त्यावर. गिरणीच्या कट्ट्यावर बसलेल्या कुणीतरी खुशीनं हाक दिली, "जय भीम, मास्तर! बरे झालासा की!" आता आमच्याकडे कुणी जय भीम घातला आणि माणूस उत्तर न देता गेला, असं होतच नाही. मास्तरांचा हात वर गेला. त्या हातात काठी होती. तोंडानं त्यांनी खणखणीत जय भीम घातला, आणि डावा पाय तिथंच राहिला. ते पडले आणि त्यांचा हात धरलेल्या मावशी त्यांच्यासोबत पडल्या. मास्तरांना खरचटलं. मावशींचं डावं मनगट मोडलं.

मला कळलं तेव्हा मी काय म्हणाले असेन? "माझ्याकडे तर नीट चालत होते!" इचलकरंजीहून त्यांची मुलगी धावत आली होती, तिच्यासमोर म्हणाले. तिनं माझ्याकडे शांतपणे बघितलं आणि म्हणाली, "तुमच्या खोलीत न्हवं डॉक्टर, त्यांना गावात चालायचं हाय." मी तशीच दवाखान्यात परतले. तापट माणसाला स्वतःचाच राग आला की तो फार वाईट अवस्थेत असतो.

दोन दिवसांनी मास्तर रिक्षा करून माझ्याकडे आले. नेहमीसारखी थट्टा नाही, काही नाही.  काठीच्या मुठीकडे बघत म्हणाले, "डॉक्टर, पोरं आमाला वाटून घ्यायला लागल्यात."

मुलीचं म्हणणं, आई माझ्याकडं राहील. पोरगा पुण्याला, तो म्हणत होता, बाबा माझ्याकडं येतील. एका घरात दोघांचं करणं कुणालाच झेपणारं नव्हतं. पोरांचं चुकत होतं असंही नाही. आईचं मनगट मोडलेलं बघून कुठल्या पोरांनी वेगळं काही ठरवलं असतं? मावशींचं प्लास्टर निघेपर्यंत दोघांनी इथं राहायचं, त्यानंतर पोरं येऊन बघणार आणि ठरवणार, असं ठरलं होतं. सहा आठवडे.

"तिला त्या घरातलं काय दिसणार?" मास्तर म्हणाले. "कोण सांगणार तिला?" आणि ते रडले. मलकापूर गाडी हसवणारा माणूस माझ्या खुर्चीत बसून रडत होता, आणि त्याला 'उत्तम' लिहून देणारी मी समोर बसले होते.

दुसऱ्या दिवशी मी दवाखाना बंद ठेवला आणि त्यांच्या गल्लीत जाऊन उभी राहिले. म्हटलं, मास्तर, एकटे चाला, मी नुसती बघते. पहिली वीस-पंचवीस पावलं झकास. मग एका दारातून "काय मास्तर, कसं हाय आता?" आलं. ते उत्तर द्यायला लागले आणि डाव्या पायाची बोटं घासली. पुढं कुणी दुधाचं विचारलं, पुन्हा बोटं घासली. गप्प असले की पाय उचलायचा, बोलले की पाय विसरायचा. मी पाच महिने त्या माणसाला शांततेत चालायला शिकवलं होतं आणि त्याच्या गल्लीत शांतता पाच मिनिटं नव्हती.

त्यांच्या ओट्यावर बसून मी त्यांना समजावलं. पूर्वी पाय आपले आपण चालायचे, डोकं बोलायला मोकळं असायचं. आता प्रत्येक पावलाकडे डोक्याला लक्ष द्यावं लागतं. तेच डोकं बोलण्याकडे गेलं की पावलाकडे कुणी राहत नाही. म्हातारपणी हे थोडंफार सगळ्यांचं होतं, वारं गेलेल्याचं जास्त. मास्तरांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हंजे आधी डायवर वेगळा हुता, कंडक्टर वेगळा हुता. आता एकाच मानसावर दोन्ही ड्युट्या आल्यात. गाडी तरी हाकंल, न्हायतर तिकीट तरी फाडंल."

याच्याहून चांगलं मला आजवर कुणाला सांगता आलेलं नाही. कॉन्फरन्समध्येसुद्धा मी हेच सांगते.

पण उपाय मी सांगितला तो अगदीच बावळट. म्हटलं, चालताना तोंड बंद. एक शब्द नाही.

तीन आठवडे त्यांनी ते पाळलं. गल्लीत बोंब झाली की मास्तरला गर्व झालाय. कुणी म्हणालं, पडल्यावर वाचा गेली. एका जुन्या मित्रानं तर जय भीमला उत्तर मिळालं नाही म्हणून घरी येऊन भांडण काढलं. पण खरा घोटाळा वेगळाच होता. मास्तर गप्प चालायचे आणि हात धरून चालणाऱ्या मावशींना काहीच कळायचं नाही. गटारात पाय गेला, बसलेल्या म्हशीला गुडघा लागला. आणि एक दिवस त्या रस्त्यातच उभ्या राहिल्या. "अवं, बोला की कायतरी! शेजारी मानूस हाय का न्हाय, कळंना झालंय मला. असलं मुकं चालून मी कुटं जाऊ? मी न्हाय येत विहारात. घरीच बसतो मी." आमच्याकडच्या जुन्या बायका स्वतःबद्दल बापईगत, म्हणजे पुरुषासारखं बोलतात, 'मी येतो', 'मी जातो'. मावशी तशाच बोलायच्या.

प्लास्टर निघायला दोन आठवडे राहिले होते. मला सुचेना. रोज मी नवं काहीतरी सांगायचे आणि रोज ते फसायचं.

मग एका सकाळी मी दवाखान्याचं दार उघडत होते, तर रस्त्यावरून दोघं येताना दिसले. गप्प. माझ्या दारापासून दहा पावलांवर थांबले. काठी रोवली, पाय जुळवले. मास्तर मावशींना म्हणाले, "डॉक्टरांच्या दाराम्होरं पायरी हाय, बारकी. डॉक्टर दारात उभ्या हाईत. केसं विंचरल्याली न्हाईत अजून." मावशी हसल्या. मग पुन्हा गप्प, दोघं निघाले, पायरी चढले, आत आले.

"काय भानगड आहे?" मी विचारलं.

मास्तरांनी त्यांचा डावा हात दाखवला. लुळा हात. तो मावशींच्या उजव्या हातात होता. "ही बेलची दोरी," ते म्हणाले. "एकदा दाबला म्हंजे थांबा. थांबल्यावर मी बोलणार, फुडचं सगळं सांगणार, ज्येला जय भीम घालायचा त्येला घालणार. दोनदा दाबला म्हंजे चला. मग बोलायचं न्हाय. दोन बेल पडल्याशिवाय गाडी हलत न्हाय, डॉक्टर. एवढी वर्सं हेच केलं आन् मला आता सुचतंय बघा!"

 पुस्तकं मी वाचलेली, पदवी माझ्या भिंतीवर.

अडचण एकच होती, की हात लुळा होता. पहिल्या दिवसांत त्यांची बेल मावशींपर्यंत पोहोचायचीच नाही. "वाजली का?" "कुटं? काय न्हाय कळलं." "मारली की मी!" "मग दोरी सैल झालीया तुमची." हात सुधारावा म्हणून मी त्यांना दाबायला स्पंजचा चेंडू दिला होता. तो त्यांनी टीव्हीवर शोभेला ठेवला होता. पण आता दोघं दिवसभर ओट्यावर बसून बेलची प्रॅक्टिस करायला लागले. त्या दहा-बारा दिवसांत त्या हातात जेवढी ताकद आली, तेवढी माझ्या पाच महिन्यांत आली नव्हती.

एकदा रस्त्यात फार वेळ गप्पा रंगल्या, मावशी कंटाळल्या आणि त्यांनीच मास्तरांचा हात दोनदा दाबला. मास्तर असे तडकले! "बेल कंडक्टरनं मारायची असती. पॅशिंजरनं न्हाय. उद्या कोनबी दोरी वढंल, मग गाडीचं काय?" मावशी म्हणाल्या, "बरं बाई, ऱ्हायलं." त्यानंतर त्यांनी कधी बेल मारली नाही.

प्लास्टर निघालं आणि त्या रविवारी पोरं आली. मुलगी इचलकरंजीहून, मुलगा पुण्याहून. संध्याकाळी विहारात जाताना दोघं मागं राहणार आणि बघणार. मलाही बोलावलं होतं. अख्ख्या गल्लीला बातमी होती. लोक दारात उभे होते, पण तोंडातून शब्द काढत नव्हते, जणू सगळ्यांचीच परीक्षा होती.

मास्तरांनी ते बघितलं आणि ते वैतागले. काठी रोवून उभे राहिले आणि ओरडले, "सगळे मेलासा काय? रोजच्यागत बोला की! माझ्या पोरांस्नी खोटं दाखवायचं न्हाय मला."

मला माझी टाचणी पडल्याचा आवाज येणारी खोली आठवली आणि मान खाली गेली.

मग गल्ली बोलायला लागली. गिरणीसमोरून हाक आली, "जय भीम मास्तर!" मास्तरांचं बोट हललं, मावशी थांबल्या. काठी रोवली, पाय जुळले. मग जय भीम झाला, गिरणीवाल्याच्या मुलीच्या बाळंतपणाची चौकशी झाली, मावशींना पुढच्या गटाराची वर्दी मिळाली. दोन बेल. चला. असं चार-पाच वेळा झालं. आणि शेवटच्या वळणावर मागून एक स्कूटर आली, तशी मुलगीच घाबरून किंचाळली, "बाबा! गाडी!"

 असं मागून ओरडल्यावर धडधाकट माणूससुद्धा गर्रकन वळतो. मास्तर वळले नाहीत. पुतळ्यासारखे दोघं जागच्या जागी उभे राहिले. स्कूटर बाजूनं निघून गेली. तेव्हा मास्तरांनी काठी रोवली, पाय जुळवला, आणि सावकाश मान वळवून पोरीला म्हणाले, "हां. आता बोल."

पोरगी रडायलाच लागली.  विहारात मावशींनी वंदना सुरू केली तेव्हा पोरगा शेवटच्या ओळीत डोळे मिटून बसला होता. रात्रीच्या गाडीनं तो पुण्याला गेला, एकटाच. वाटणीचा विषय पुन्हा कुणी काढला नाही.

त्यानंतर मास्तर माझ्या दवाखान्यात दर गुरुवारी यायचे, उपचाराला नाही, ड्युटीला. माझा गप्प बसायचा नियम मी मोडीत काढला होता. पेशंट चालायला लागला की मास्तर खुर्चीतून विचारायचे, "काय पावणं, मलकापूरला जायाचं? मग थांबं सांगा बघू." पेशंटनं चालता चालता केर्ली, वाघबीळ, बोरपाडळे, बांबवडे असं म्हणायचं. कुणी पहिल्याच थांब्याला अडखळायचा. कुणी थांबून आठवायचा आणि मग चालायचा. थांबणाऱ्याला मास्तर शाबासकी द्यायचे आणि न थांबता धडपडणाऱ्याला शिव्या द्यायचे. मुरगूडहून येणाऱ्या एका आजींना मलकापूरचे थांबे माहीत नव्हते, तर त्यांना नातवंडांची नावं घ्यायला लावली. अकरा नातवंडं होती. सातव्या नावाला त्या खाली बसल्या. "आजी, पोरं लई झाली," मास्तर म्हणाले, "घरात सांगा आता." खोली हसली, आजीही हसल्या. रोज थोडं थोडं असं करत पुढं त्या अकराच्या अकरा नावं घेत चालू लागल्या. स्वतः मास्तरही सपाट जमिनीवर, एकटे असताना, थांबे म्हणत मलकापूरपर्यंत जाऊन उलटे कोल्हापूरला यायला लागले. पण मावशी बरोबर असताना मात्र बेलशिवाय एक पाऊल नाही. "शिंगल गाडी येगळी," म्हणायचे, "पॅशिंजर घेतल्यावर नियम."

मोबाईल आले तेव्हा पोरानं त्यांना एक घेऊन दिला. तो खिशात वाजला की मास्तर एक बेल मारून रस्त्याच्या मधोमध उभे. मागं उसाचा ट्रॅक्टर भोंगा मारतोय, ट्रॅक्टरमागं टेम्पो. मास्तर शांतपणे फोनवर पोराशी बोलून, नातीचा अभ्यास विचारून, फोन खिशात ठेवून, मावशींना ट्रॅक्टरवाल्याचं वर्णन करून मगच दोन बेल मारायचे. ट्रॅक्टरवाला शिव्या द्यायचा. गल्लीतले लोक त्याला दम द्यायचे.

आणि मी? एके दिवशी दवाखान्यातून मोबाईलवर बोलत, एका हातात किल्ल्या, दुसऱ्या हातात पिशवी घेऊन घाईनं निघाले आणि माझ्याच त्या बारक्या पायरीवरून तोंडावर आपटले. डोळे उघडले तर समोर काठी, काठीशेजारी जुळवलेले दोन पाय.

"डॉक्टर," मास्तर वरून म्हणाले, "वारं न जाताच पडलासा?"

मावशींनी विचारलं, "कोन पडलं वं?" मास्तरांनी त्यांना सगळं सविस्तर सांगितलं, मी रस्त्यावर बसून असतानाच, चष्मा कुठं उडाला त्याच्यासकट. मी संतापले होते आणि मला हसूही आवरत नव्हतं. तेव्हापासून मी चालताना फोन घेत नाही. आज माझंही वय झालंय, आणि रस्त्यात कुणी हाक मारली तर मी थांबते. लोकांना वाटतं बाई फार अदबीची आहे.

त्या वाटेवर ते दोघं जवळजवळ दहा वर्षं चालले. पुन्हा एकदाही पडले नाहीत. गल्लीलाच सवय झाली होती. मास्तर चालत असले की लोक दारात वाट बघत उभे राहायचे, आणि काठी रोवली गेली की एकदम चार हाका यायच्या. मी कित्येक पेशंट बरे केले असतील, पण अख्ख्या गावाला चालायला शिकवणारा माणूस मी हा एकच बघितला.

ते गेले ते दुपारी. जेवून आडवे झाले आणि उठले नाहीत. मावशी शेजारी बसून शेंगा सोलत होत्या. त्यांनी दोन-तीनदा काहीतरी विचारलं, उत्तर आलं नाही. मग त्यांनी हात चाचपला.

मी पोहोचले तेव्हा अंगण भरलं होतं. पोरं आली होती. मास्तरांना पांढऱ्या कापडात ठेवलं होतं. वंदना म्हणायची वेळ झाली आणि सगळे एकमेकांकडे बघायला लागले, कारण गावात वंदना सुरू कुणी करायची हे ठरलेलं होतं आणि आज मावशींना कसं सांगायचं? मावशींनीच सुरू केली. आवाज एकदाही हलला नाही. 

वंदना झाली. चौघं उचलायला वाकले. तेवढ्यात मावशी म्हणाल्या, "थांबा."

सगळे थांबले. त्या माझ्याकडे वळल्या, मला म्हणाल्या, "मला त्यांच्या दाराच्या बाजूला ने." मी त्यांना हाताला धरून डाव्या अंगाला बसवलं. त्यांनी कापडाखाली हात घातला, चाचपत तो डावा हात शोधला आणि आपल्या उजव्या हातात घेतला, रोज घ्यायच्या तसा. किती वेळ गेला कोण जाणे. कुणी घाई केली नाही. गल्लीतल्या माणसांना वाट बघायची सवय होती.

मग मावशी खाली वाकल्या आणि अगदी हळू म्हणाल्या. मी शेजारी होते म्हणून मला ऐकू आलं. "आज मी मारतो. रागवू नगासा."

त्यांनी तो हात दाबला. एकदा, आणि पुन्हा एकदा.

हात कापडाखाली नीट ठेवला, पदर सारखा केला आणि माणसं जिथं उभी असतील त्या अंदाजानं मान वर करून म्हणाल्या, "हां. आता चला."